चटईखाली

“हा कागद तू वाचलेला नाहीस,” पेनिना मॅडम म्हणाल्या.

“शिक्का मारायला उघडला, मॅडम. डोळे मिटून शिक्का कसा मारू?”

मॅडमनी दार लोटून घेतलं. सरकारी वकील असलेल्या या मॅडमच्या कार्यालयात फुआतिनो खटल्यांचे कागद सांभाळायची. बाकीच्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण तिच्याकडे अर्ध्या सामोआची लफडी कुलूपबंद होती आणि त्यातला एक शब्द कधी तिच्या घरी पोचला नव्हता. नातेवाइकांच्या फायलींना हात लावायचा नाही असा नियम होता खरा. पण या बेटावर नातं नसलेला माणूस आणायचा कुठून?

आजचा कागद तिच्या सख्ख्या भावाच्या, याकोपोच्या, खटल्यातला होता.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातली शिक्षिका, मालिया, रात्री रस्त्यावर गाडीखाली सापडून मेली. सकाळी याकोपो समुद्रकाठी त्याच्या पिकअपमध्ये दारूच्या गुंगीत सापडला. पुढचा दिवा फुटलेला, दिव्याच्या कडेला रक्त. त्याला काहीच आठवत नव्हतं. “मीच असणार,” एवढंच तो म्हणत राहिला.

आणि आता ही साक्ष. खेकडे विकणारी एक म्हातारी, जी इतके दिवस दुसऱ्या बेटावर लेकीकडे होती. चेहरा अंधारात दिसला नाही, असं ती म्हणत होती. पण गाडीवाला उतरला, सरळ चालत आला, बाईजवळ गुडघे टेकले, मरणाच्या वेळची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, रडला आणि निघून गेला.

याकोपोला जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा धड येत नव्हती. म्हणजे तिचा भाऊ निर्दोष होता.

“मॅडम, उद्या पहाटे आमचं घर मालियाच्या दारात चटई पांघरून बसणार आहे.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. चटई पांघरून बसायचं म्हणजे गुन्हा आमच्या घराचा, मारा नाहीतर माफ करा. एकदा बसलं की कोर्ट काहीही म्हणो, गावाच्या लेखी याकोपो जन्मभर खुनी.

“थांबव त्यांना.”

“काय सांगून?”

“ते मला विचारू नकोस. सोमवारी पोलीस गावात जातील. तोवर हे बाहेर फुटलं तर खरा माणूस सावध होईल. आणि तुझी नोकरी मला वाचवता येणार नाही.”

घरी जाताना बसमध्ये गाणी ढणाढणा वाजत होती. जागा नसली की तिथे सरळ दुसऱ्याच्या मांडीवर बसतात; फुआतिनोच्या मांडीवर बसलेली बाई वळून म्हणाली, “अगं, पाय का हलवतेस सारखी? मी काय झोपाळ्यावर बसलेय?”

“चुकलं, मावशी,” फुआतिनो म्हणाली, आणि लगेच तिचा पाय पुन्हा हलायला लागला.

अंगणात चटया पसरल्या होत्या. आईच्या लग्नात आलेली सगळ्यात मऊ चटई फालानिको मामा हातांनी चाचपत होते. मामा घराण्याचे प्रमुख. घरातल्या कुणीही काही केलं की चटईखाली त्यांनीच बसायचं. याकोपोने लोकांचं डुक्कर चोरलं तेव्हाही तेच बसले होते.

“मामा, सोमवारपर्यंत थांबू या ना.”

“का?”

“असंच.”

“मेलेल्या बाईच्या आईला ‘असंच’ सांगू का?”

“ते लोक कोयते घेऊन येतील.”

“येऊ देत.”

“मग याकोपोला तरी नेऊ नका.”

“त्याला नेतच नाही. चटईखाली मी एकटा बसणार.” मामा चटईकडे बघत राहिले. “तो प्यायला की मीच त्याला त्याच्या गाडीत घालून आणायचो, पोरी.”

“दादा, दोन घास तरी खा,” आई आतून ओरडली. “तारोचा कंद गार होऊन दगड झाला. महिनाभर हीच तऱ्हा.”

मामा जेवले नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेलाही त्यांनी आईलाच पुढे केलं. घसा बसलाय म्हणाले. जामिनावर सुटलेला याकोपो कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मी तुला वाचवू शकते, असं फुआतिनोला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली.

पहाटे ते मालियाच्या दारात पोचले. मामांनी पुढ्यात लाकडं आणि दगड मांडले. आम्हाला भाजून खा, तो हक्क तुमचा आहे, असं सांगायची ती रीत. मग ते गुडघ्यांवर बसले आणि आईने त्यांच्यावर चटई घातली. बाकी सगळे मागे, माना खाली.

घराच्या दाराची विणलेली झडप वर झाली. मालियाचे दोघे भाऊ बाहेर आले. थोरल्याच्या हातात कोयता होता. मागून मालियाच्या आईचं रडणं ऐकू येत होतं. थोरला एकेक पायरी उतरू लागला.

दुसऱ्याच कुणाच्या पापासाठी हा भला माणूस मरणार, आणि आपण कागदावर शिक्का मारून गप्प बसणार? नोकरी गेली खड्ड्यात. ती रांगत पुढे गेली, चटईची कड उचलली आणि आत शिरली.

“मामा, उठा,” ती कुजबुजली. “तो याकोपो नव्हता. एका बाईनं पाहिलंय.”

मामांनी तिचं मनगट धरलं. “काय पाहिलंय?”

“चेहरा नाही दिसला. पण तो उतरला, गुडघे टेकून बसला आणि...”

बाहेर पावलं चटईजवळ येऊन थांबली.

“म्हणजे तिला ऐकू गेली,” मामा म्हणाले. “मी तर प्रार्थना अगदी हळू म्हटली होती.”