टप्प, खर्र

साहेब, चूक तुमची आहे, आणि तुम्ही परीक्षक आहात म्हणून मी गप्प बसणार नाही. माझ्या दोन मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये एक मुलगी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली असते. बाहेर पावलं वाजतात आणि दार उघडायच्या आधीच ती ओरडते, "आई!" ती पावलं मी घरीच रेकॉर्ड केली होती. एक पाऊल टप्प, दुसरं खर्र. तुम्ही खुर्चीत रेलून शेरा मारलात, "पावलांचा ताल चुकलाय. सुधारा, नाहीतर पास व्हायचं विसरा."

सुधारला. एकेक खर्र कापला, त्या जागी टप्प चिकटवला आणि आईला दाखवलं.

"कोण गं ही, एवढ्या तोऱ्यात येतेय?"

"तूच की!"

"चल, काहीतरीच! माझा पाय कधी सुधारला?" ती हसली. मग म्हणाली, "परत लाव बघू."

परत लावलं. या वेळी तिनं डोळे मिटून ऐकलं.

"थांब, तुझा खरा आवाज परत घालते," मी म्हटलं.

"नको गं, राहू दे. तुझ्या सिनेमात तरी मला धड चालू दे."

आता तिचा शब्द मला मोडवत नाही. सिनेमा तुमच्या मनासारखा झालाय, खुशाल पास करा. फक्त एवढं सांगा साहेब, दार उघडायच्या आधी त्या पोरीनं आईला ओळखायचं कशावरून?