तिकिटाची मागची बाजू

"एक लाख दहा हजार," रतिलालशेठनं शेवटचा आकडा सांगितला आणि नोटांची पिशवी नजीरच्या लॉटरीच्या टपरीवर ठेवली. "आत्ता, या घडीला. तिकीट तेवढं इकडे दे, मंजुळाबाई."

तिकीट मंजुळाबाईच्या मुठीत होतं. पहिलं बक्षीस, एक लाख रुपये. ती शेठच्याच तेलगिरणीत शेंगदाणे निवडायची. तिथल्या मुकादमाजवळ ती बोलून गेली आणि त्यानं ते शेठच्या कानावर घातलं. शेठ आपण होऊन कुणाच्या दारात जाणारा माणूस नव्हता, पण आज भर दुपारी चालत आला होता.

"अक्का, खरं ते सांगतो," नजीर म्हणाला. "तिकीट सरकारात गेलं तर शंभरातले चाळीस कर म्हणून कापूनच पैसे मिळतात. चाळीस हजार गेले, साठ हाती. शेठ एक लाख दहा देताहेत."

हिशेब पोरासोरालाही कळावा असा होता. शेठ काही पुण्य करायला निघाला नव्हता. तेलाच्या धंद्यात त्याच्याजवळ चोरून ठेवलेला पैसा साचला होता. तो देऊन त्याला हे तिकीट हवं होतं. पन्नास हजारांची खोट आली तरी लॉटरीचे साठ हजार त्याला उजळ माथ्यानं बँकेत ठेवता येणार होते. त्याची अट एकच होती. तिकिटाची मागची बाजू कोरी हवी. तिथं जिंकणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, आणि एकदा लिहिलं की तिकीट त्याचंच.

मंजुळाबाईनं अजून तिथं काही लिहवून घेतलं नव्हतं. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. शिवाय नावाचं तिच्या बाबतीत सगळं अवघडच होतं.

तिचा पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला. मग सुकदेव माळ्यानं तिच्याशी मोहतूर लावला. विधवेचं लग्न ते. अंधार पडल्यावर, चार माणसांत, ना वाजंत्री ना पत्रिका. अकरा वर्षं दोघांनी गोडीनं संसार केला. सुकदेव बाजाराला आला की नजीरकडून एक रुपयाचं तिकीट घ्यायचा आणि ते तिच्या हातात द्यायचा. तो गेला, आणि तेरावं उरकताच दीर म्हणाले, ही बायको कुठली, ही तर ठेवलेली.

चार साक्षीदारांतले दोन मेले होते. उरलेल्या दोघांनी माना फिरवल्या. वारसनोंदीच्या वेळी साहेबानं विचारलं, "बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?" मंजुळाबाई पदराचं टोक दातात धरून खाली बघत राहिली. साहेब लांबचा, नुकताच बदलून आलेला. त्यानं पुन्हा विचारलं. ती गप्पच.

"बायको असती तर बोलली नसती का?" थोरला दीर म्हणाला. साहेबानं दिरांची नावं लिहून घेतली.

जमीन गेली त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण 'ठेवलेली' हा शब्द गावापासून धुळ्यापर्यंत तिच्या मागोमाग आला. गिरणीत जरा कुठं खटका उडाला की बाया तोच शब्द तिच्या अंगावर टाकत. नऊ वर्षं झाली, तिचं काळीज त्या शब्दानं जळत होतं. आणि नऊ वर्षं ती सुकदेवच्या पाठीमागे त्याच टपरीवरून दर बाजाराला एक तिकीट घेत होती.

"नजीरभाऊ," तिनं विचारलं, "सरकार चाळीस हजार कापस, त्यानी पावती देस का?"

"देतं ना. दाखला मिळतो. अमक्या बाईनं, अमक्याच्या बायकोनं, इतका कर भरला. खाली साहेबाची सही आणि सरकारी शिक्का."

"नवराना नाव बी ऱ्हास?"

"असतं, अक्का. फॉर्मात लिहावंच लागतं."

शेठ हसला. "तो कागद काय चाटायचा आहे? पन्नास हजारांत धुळ्यात दोन खोल्यांचं घर होईल तुझं."

"शेठ खोटं बोलत नाहीत," नजीर हळूच म्हणाला. "अन् त्या कागदानं जमीन परत येत नाही, अक्का."

"जमीन कोनले जोयजे?"

तिनं मूठ उघडली. चुरगळलेलं तिकीट फळीवर पालथं ठेवलं आणि तळव्यानं दाबून सपाट केलं.

"लिख."

शेठनं पुढं केलेला हात हवेतच राहिला. नजीरनं पेन उघडलं, एकवार तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'मंजुळाबाई' असं लिहिलं. पुढचं नाव त्याला विचारायची गरज नव्हती. सुकदेव त्याचं जुनं गिऱ्हाईक. पेन पुढं सरकणार तोच तिनं त्याचा हात धरला.

"थांब. मी सांगस."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ओठ दोनदा हलले, पण आवाज फुटला नाही. नजीर थांबून राहिला.

"सुकदेव," ती म्हणाली. मग रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "सुकदेव लोटन माळी. मना नवरा."

नजीरनं ते नाव सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं.

शेठनं पिशवी उचलली. "एका नावापायी पन्नास हजार घालवलेस, बाई!"

मंजुळाबाईला ते ऐकू गेलं नाही. लाजेनं तिचे कान तापले होते. सारा गाव जिला सुकदेवची बायको मानायला तयार नव्हता, तिनं त्याचं नाव, बायकोनं पाळायची रीत म्हणून, तो जिवंत असताना आणि मेल्यावरही, आजवर एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं.