थोरलीचं माप

धाकटी जाऊ शिलाई मशीनवर घामानं निथळायला लागली, तशी थोरलीनं नेहमीसारखा पंखा तिच्याकडे वळवला. "पाळी जाताना असंच होतं गं, मीही सोसलंय." पण कपाळ पुसताना तिचा हात थबकला. तो घाम बर्फासारखा गार होता. शिवण टाकून तिला तडक दवाखान्यात नेलं. "हृदयाचा झटका होता, वेळेत आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाळी जाते तेव्हा रक्तवाहिन्या लवचिक ठेवणारं हार्मोन आटतं, रक्तदाब चढतो. तुमचा कधी मोजलाय?" थोरली कसनुसं हसली. जन्मभर गावाची मापं घेतली, स्वतःची घ्यायला सवड कुणाला? गळ्यातली टेप मागे सारून तिनं दंड पुढे केला. पट्टा आवळला, सैल झाला, पुन्हा आवळला. डॉक्टरबाई आकड्याकडे बघत गप्प राहिल्या. कापड कमी पडलं की गिऱ्हाईकासमोर थोरलीही अशीच गप्प व्हायची.