अनुमोदक

"अनुमोदक कोण?" अध्यक्षबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि चष्म्यावरून सभागृहभर नजर फिरवली. कोणी हललं नाही.

सार्वजनिक आरोग्यासाठी काम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची वार्षिक सभा होती. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतली माणसं असे देशभरातले सदस्य जमले होते. सकाळपासून त्यांनी हात धुण्यावर ठराव केला, डासांवर केला, दोन्ही ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. हात आणि डास कोणाच्या नोकरीवर उठत नाहीत. शेवटचा ठराव मात्र एका कारखान्याबद्दल होता. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात, आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात ते शिसं सापडलं होतं. सगळ्या मुलांची तपासणी होईपर्यंत भट्ट्या बंद ठेवा, अशी मागणी संघटनेने सरकारकडे करावी, एवढंच त्यात म्हटलं होतं.

ठराव मांडणारे निवृत्त प्राध्यापक माइकपाशी उभे होते. दरवर्षी कोणाला ना कोणाला झोंबणारा ठराव आणायचे, म्हणून सगळे त्यांना ठरावकाका म्हणत. त्यांच्या हातात एक निनावी पत्र होतं. रक्ताचे आकडे त्यातच होते.

"हे लिहिणारं माणूस इथेच कुठेतरी बसलं असणार," ठरावकाका म्हणाले. "मी त्याचं नाव विचारत नाही. मला फक्त एक अनुमोदक द्या हो कोणीतरी."

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? सगळे मूग गिळून बसले होते.

पत्र लिहिणारी आठव्या रांगेत होती. कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रातली परिचारिका. मुलांची बोटं तिनेच टोचली होती, आकडे तिनेच लिहून काढले होते. केंद्राच्या डॉक्टरांनी तो अहवाल कपाटात ठेवला होता आणि किल्ली स्वतःच्या खिशात. ते डॉक्टर आत्ता तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि घाम पुसत होते.

अनुमोदन द्यायचं म्हणजे उभं राहून नाव, सदस्य क्रमांक आणि कामाचं ठिकाण सांगायचं. ते सगळं इतिवृत्तात छापलं जातं आणि देशभर पोचतं. तिचा नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता. राहतं घर कारखान्याचं, लेक कारखान्याच्या शाळेत. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती तर त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली होती.

"शेवटचं विचारते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अनुमोदक नसेल तर ठराव बारगळला, आणि आपण चहाला मोकळे."

चहाचं नाव निघताच मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. माणसं उठायला लागली आणि त्यांच्याबरोबर तीही उठली. फरक इतकाच, की ती दाराकडे वळली नाही. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"सिस्टर, बसा," डॉक्टर समोर बघतच पुटपुटले. "तुमचे मिस्टर या वेळी पाळीवर असतात ना?"

धमकी खरी, पण देणाऱ्याचाही आवाज कापत होता. ते ऐकून ती जास्तच घाबरली. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपलं काय?

तिने नाव सांगितलं. क्रमांक सांगताना दोन आकडे चुकले, तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितला. कामाचं ठिकाण सांगितलं तेव्हा ठरावकाकांनी हातातलं पत्र गुपचूप घडी करून खिशात घातलं.

"कारण सांगायची सक्ती नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सांगते." तिने खुर्चीची पाठ सोडली. "त्रेचाळीस मुलं आहेत, मॅडम. मी स्वतः मोजलीत."

मग मतदान झालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या दाईने कार्ड वर केलं, तिच्याकडे बघून आणखी दोघांनी, आणि मग कार्डांची रीघच लागली. ठराव मंजूर झाला. तिने शेजारी पाहिलं तर डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. ते फोन कानाला लावून केव्हाच बाहेर गेले होते.

व्हरांड्यात चहा चालू होता. "धाडस केलंत हं," म्हणत चार-पाच जण जवळ येऊन गेले, पण हळू आवाजात, आणि कप घेऊन तिच्यापाशी थांबलं कोणीच नाही. तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"अगं, मला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलंय. सगळे उभे आहेत इथे. तू सभेत उभी राहिलीस, त्रेचाळीस मुलांचं बोललीस म्हणतात. खरंय का?"

"हो."

"घर सोडायला सांगतायत."

"हो," ती म्हणाली.

तो चिडेल, ओरडेल, आपला विचार केला नाहीस म्हणेल, हे तिने धरलं होतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने घोकून ठेवलं होतं. एकच उत्तर ती महिनाभर त्याच्यापासून लपवत आली होती.

तो ओरडला नाही. त्याने अगदी हळू विचारलं,

"त्रेचाळीस म्हणजे... आपली धरून, का सोडून?"