बुद्धीची पुडी

“आधी पुडी, मग चपला,” आईने तिला दारातच अडवलं.

“आई, बस जाईल!”

“जाऊ दे बस. रिकाम्या डोक्याने परीक्षेला जाऊ नये.”

फार्मसिस्टच्या परीक्षेला ती पाचव्यांदा बसत होती. सहाव्यांदा बसू देत नाहीत. आधीच्या चारही वेळी आईने स्वतः बुद्धीची पूड खलून मधातून चाटवली होती, आणि चारही वेळी पोरीने माती खाल्ली होती. एकदा तर उत्तरपत्रिकेवर गाल टेकून ती चक्क घोरली. रात्र-रात्र जागून अभ्यास केल्यावर दुसरं काय होणार, असं आई सगळ्यांना समजावून सांगे. दादा म्हणे, “हिला हॉलतिकीट नको, उशी द्या.”

अभ्यास सोडला तर तिला एकच काम होतं, आईचं. आईचं पथ्य, आईचे पाय चेपणं, आईची औषधं. झोपेच्या गोळ्यांची पट्टी तीच आणून द्यायची. पट्टी वेळच्या वेळी संपायची, पण आईचा डोळा काही लागायचा नाही.

“पास झालीस की लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात जाशील,” आई तिचे केस सारखे करत म्हणाली. “मग माझे पाय कोण चेपणार? दादा?”

“तुलाही नेईन गं.”

बाहेर हॉर्न वाजला. तिने पुडी पर्समध्ये कोंबली, “तिकडे घेते” म्हणाली आणि धूम ठोकली.

गडबडीत पुडी घ्यायची राहूनच गेली. तोंडी परीक्षेच्या टेबलावर दहा बश्या मांडलेल्या होत्या, एकीवरही चिठ्ठी नाही. दहाच्या दहा ओळखल्या तरच पास. पहिल्या नऊ तिने अशा धडाधड सांगितल्या, की म्हाताऱ्या परीक्षकांनी चष्मा पुसून तिच्याकडे पुन्हा पाहिलं.

दहाव्या बशीत पांढरी पूड होती. तिने निरखली. हुंगली. कपाळाला घाम फुटला.

“चाखा की चिमूटभर,” परीक्षक म्हणाले. “आम्ही चाखूनच शिकलो. तेवढ्याने काही मरत नाही माणूस.”

तिने पूड जिभेला लावली. आधी कडू, मग टाळ्याला नाणं चघळल्यासारखी चव. तिचा जीव भांड्यात पडला. सोबत मध नव्हता, तरी ही चव तिने झोपेतसुद्धा ओळखली असती.

“बुद्धिवर्धक, सर! परीक्षेच्या आधी देतात. माझी आई देते ना, दर वेळी.”

परीक्षकांनी कागदावर शून्य काढलं. थोडं वाकडं आलं होतं, ते गिरवून नीट गोल केलं.

“झोपेचं औषध,” ते म्हणाले. “हे तर पेशंटसुद्धा चवीवरून ओळखतात, बाई.”