बेल्जियमचा सूर

नॅथनने बेल्जियमहून मागवलेली 'ड्रोन' संगीताची दुर्मीळ रेकॉर्ड ऐकायला महेंद्र आणि शॅरन नगरहून मुद्दाम तिसगावला आले होते. अख्खी बाजू एकच सूर घुमणार, आणि तो कळायला कान तयार लागतात, यावर तिघांचं एकमत होतं.

"काय खोली आहे राव सुराला!" महेंद्र डोळे मिटून म्हणाला.

"आपल्याकडं कुठलं असलं?" नॅथनने सुस्कारा सोडला. "जेम्सकाका वाजवायला बसले की आमच्या चर्चचा जुना ऑर्गन असाच एका सुरावर अडकायचा. लोक तेवढ्यावरही खूश! एक गोरा पाहुणा तर माइक लावून बसला होता त्याच्यापुढं. शेवटी मीच कमिटीच्या मागं लागून तो भंगारात घालवला."

"बरं केलंस बाबा," शॅरन म्हणाली. "कुठं तो आणि कुठं हे!"

सूर शिगेला पोचला. तिघांनी श्वास रोखून धरले.



आणि रेकॉर्डमधून नॅथनचाच आवाज आला, "जेम्सकाका, बंद करा की ओ ती भुणभुण! डोकं उठलं."