प्रोसेसरचं झाकण

लेकीचा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा आणि तिचं अ‍ॅनिमेशनचं काम रखडायचं. ती कॉलेजला गेली असताना बापाने तो खोलला. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण काढून आतली सुकलेली पेस्ट बदलली की तो थंड राहतो, शिवाय वेगही वाढवता येतो, असं त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्यात काय एवढं, म्हणत त्याने झाकणाच्या कडेने ब्लेड सरकवलं. झाकण निघालं, पण ब्लेड जरा जास्तच आत गेलं. सगळं पुन्हा जोडून बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच राहिली. त्याने घाईघाईने स्क्रू आवळले, टेबल पुसलं आणि तो पेपर उघडून बसला.

संध्याकाळी लेकीच्या खोलीत बराच वेळ खुडबुड चालली. मग ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, ओरडू नका हं. कॉम्प्युटर गेला. तुम्ही बजावलं होतंत, तरी काल तो तापलेला असताना मी काम रेटत राहिले. माझ्यामुळेच जळला."

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"असू दे," बाप म्हणाला. "मी नाही रागावलो."

तिचा आधी विश्वासच बसेना. मग लहानपणानंतर पहिल्यांदाच तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आणि मी उगाच इतकी वर्षं तुम्हाला घाबरत होते," ती म्हणाली.

बापाला खांदा काढून घेता येईना, आणि तोंडही उघडेना.